वाटेचा चातुर्मास

दर वर्षी जूनच्या अखेरीला आमच्या कॉलेजातल्या गिर्यारोहण मंडळाची चार-सहा मुले स्टाफरूमच्या दाराशी घोटाळू लागली, की मी समजतो : कुठल्या तरी गडाच्या पायथ्याशी ‘प्रवेश बंद’ची पाटी लागली. मुलांना हवा असतो एक अर्ज. साधासुधा नव्हे. “सर, जरा खणखणीत मराठीत लिहून द्या. वाचल्याबरोबर साहेबांनी वाट मोकळी केली पाहिजे.” मराठीच्या प्राध्यापकाकडे माणसे तीनच कामांसाठी येतात : लग्नपत्रिकेचा मजकूर, निवृत्त होणाऱ्याचे मानपत्र आणि सरकारला लिहायचा अर्ज. ज्ञानेश्वरीतली अडलेली ओवी विचारायला अजून कोणी आलेले नाही. असो.

यंदा मी मुलांना म्हटले, “अर्ज लिहून देतो. पण आधी मला सांगा, वाट बंद का करतात?”

“अपघात होतात म्हणून,” एकजण फणकाऱ्याने म्हणाला. “पडतात दुसरेच, आणि शिक्षा आम्हांला!”

उत्तर खोटे नव्हते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. ती काही कडा चढत नव्हती, की पोहत नव्हती. प्रवाहात नुसती उभी होती. पाणी बघता बघता चढले, मागे फिरायला जागा उरली नाही, आणि काठावरच्यांना पाहत राहण्यापलीकडे काही करता आले नाही. त्यानंतर आठवडाभरात, ७ जुलैला, रायगडावर असा पाऊस कोसळला की पायऱ्यांच्या वाटेचाच धबधबा झाला. चढणारे-उतरणारे वाटेतच अडकले आणि प्रशासनाला ती वाट बंद करावी लागली. सह्याद्रीचा उतार उभा, खडक कातळाचा, ओढे आखूड. वर पडलेले पाणी खाली यायला तास लागत नाही, काही मिनिटे पुरतात. आपल्या डोक्यावर लख्ख उघडीप असली, तरी मागच्या डोंगरावर काय चालले आहे ते ओढा आपल्याला आधी कळवत नाही.

हे झाले माणसाच्या बाजूने. वाटेच्या बाजूने कोणी बोलत नाही, आणि सरकारी पाटी तर मुळीच बोलत नाही. ‘अमुक कलमान्वये मनाई करण्यात येत असून उल्लंघन करणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई करण्यात येईल’ एवढे वाचून कोणाला काय कळणार? पूर्वी हे कलम १४४ होते. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेतले १६३ झाले. कलम बदलले, पण वाक्य तेच राहिले. या वाक्याला कर्ता नाही आणि कारणही नाही. कारण न सांगता घातलेली बंदी मोडण्यात तरुण माणसाला पराक्रम वाटतो; तो त्या वयाचा गुण आहे. पाटीवर नुसते लिहिले असते, की ‘माती ओली आहे, वाट मोडेल’, तर निदान दहांतले चार तरी विचार करीत परत फिरले असते, असे मला वाटते.

पावलांनी वाट होते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ओल्या मातीत पावलांनीच ती मोडते. ते कसे, हे मी मुलांना सांगितले ते इथेही सांगतो.

माती म्हणजे नुसते कण नव्हेत. चांगल्या मातीत जवळजवळ अर्धी जागा पोकळच असते. त्या पोकळ्यांतून हवा खेळते, मुळे श्वास घेतात आणि पडलेला पाऊस जिरतो. कण एकमेकांना टेकून, घासून उभे असतात. थोडा ओलावा तर त्यांना बांधूनच ठेवतो. मात्र सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या, की तेच पाणी कणांना एकमेकांपासून दूर रेटू लागते. घर्षण गेले की आधार गेला. दिवाळीत अंगणात (आणि आता अंगणे उरली नाहीत म्हणून पार्किंगच्या कोपऱ्यात) मातीचा किल्ला करणाऱ्या पोरांना हे शास्त्र शिकवावे लागत नाही. माती बेताची ओली असेतो बुरूज उभा राहतो. धाकट्या भावाने उत्साहाच्या भरात तांब्या उपडा केला, की तटबंदीसकट महाराज खाली येतात आणि वर भांडण जुंपते ते वेगळेच.

आता त्या ओल्या मातीवर पाय ठेवा. माणसाचे सगळे वजन बुटाच्या तळव्याएवढ्या जागेवर येते. पोकळ्या चेपल्या जातात, हवा निघून जाते आणि कण एकमेकांत कालवले जातात. आपल्या मावळातला आणि कोकणातला शेतकरी हेच काम भातखाचरात मुद्दाम करतो. त्याला तो चिखलणी म्हणतो. भात लावण्याआधी बैलाच्या पायांनी आणि अवजाराने माती अशी कालवायची की तिच्यातून पाणी खाली झिरपू नये, खाचरात साठून राहावे. खाचरात ती विद्याच आहे. डोंगराच्या उतारावर मात्र शे-दोनशे बुटांनी रविवारी सकाळी चिखलणी केली, की पाणी जिरायचे बंद होते. ते तिथे साठूही शकत नाही, कारण तिथे बांध नाही. तेव्हा ते उताराने धावते. धावणारे पाणी वाटेची माती घेऊन जाते. दुसऱ्या आठवड्यात वाटेच्या जागी बोटभर खोल चर दिसतो, महिन्याने घोट्याएवढा, आणि चार-पाच पावसाळ्यांनी पाहावे तर गुडघ्याएवढी घळ. तळाशी नुसते सुटे धोंडे. मग आपणच म्हणतो, “काय हो ही वाट, किती घसारा!”

शिवाय माणूस चिखलातून जात नाही. नवे, महाग बूट घातलेला तर मुळीच जात नाही. डबके दिसले की तो कडेच्या गवतावरून जातो. त्याच्या मागचा त्याच्याही कडेने जातो. गवत तुडवले गेले, की तिथेही चिखल. मग तिसरा आणखी बाहेरून. अशी एका पाऊलवाटेची तिसऱ्या पावसाळ्यात बैलगाडी जाईल एवढी रुंद जखम होते. जिथे माती हातभर खोल आहे तिथे हे एक वेळ भरून येईल. सड्यांवर, जांभ्याच्या कातळावर, काही बोटे जाडीचा मातीचा पापुद्रा असतो आणि त्यातच गेंद, तेरडा, सीतेची आसवे यांचे वर्षाचे सगळे आयुष्य जून ते ऑक्टोबर एवढ्यात उरकायचे असते. कास पठाराचे नाव २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले, ते या बोटभर मातीच्या जोरावर. ती एकदा गेली की परत तयार व्हायला माणसाचे आयुष्य पुरत नाही.

“पण सर, पाऊस थांबल्यावर तरी पाटी काढायला काय हरकत आहे?” असे एका मुलीने विचारले. सगळ्या चर्चेतला हा खरा प्रश्न.

आपला हिशेब असा, की पाऊस थांबला म्हणजे धोका संपला. मातीचा हिशेब निराळा आहे. पुण्यात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलीमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरात ५५०० च्या पुढे. एवढे पाणी डोंगराच्या अंगात मुरलेले असते. उन्हाने वरचा पापुद्रा वाळतो, फुफाटा दिसू लागतो. खाली मात्र पाणी हळूहळू उतरत असते आणि माती जिथे कातळाला टेकते तिथे साचत असते. म्हणजे वरून कोरडी, आतून फुगलेली. अशा मातीवर पाय पडला की वरचे कवच फुटून पाऊल रुतते, आणि तोच खड्डा पुढच्या सरीचे पाणी धरतो. आठ दिवस ऊन तापल्यावर जी वाट हजार माणसे सोसते, तीच पाऊस थांबल्यानंतरच्या पहिल्या रविवारी शंभर माणसांनी मोडते. आणि आपली गर्दी नेमकी त्याच रविवारी. शनिवारी धो धो पडले, रविवारी ऊन पडले, चला गडावर!

माझा एक भाचा अमेरिकेत व्हर्माँट नावाच्या डोंगराळ राज्यात असतो. तिथे तर कारण नुसत्या पावसाचे नसते. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळते, आणि आकाश निरभ्र असले तरी वाटा बंद. चिखलाचा ऋतू असे त्यांनी त्याला नावच दिले आहे. मेच्या अखेरच्या सोमवारपर्यंत उंचावरच्या वाटांवर पाऊल टाकू नये असे सांगतात, आणि लोक बरेचसे ऐकतात. “सुरुवातीला मलाही राग आला होता, मामा,” तो फोनवर म्हणाला. “मग कारण वाचले. त्यांनी पाटीवर कारण लिहिले होते.” पाटीचे मराठी मी आधीच काढले असल्यामुळे मला हे ऐकून थोडे बरे वाटले.

माणसांनी पावसाळ्यात पाय आवरावा ही कल्पना मात्र अमेरिकेतून यायला नको. ती आपल्याच घरची, आणि फार जुनी आहे. बौद्ध विनयग्रंथांत वर्षावासाचा नियम कसा आला याची हकिगत आहे. भिक्षू बारा महिने फिरत. तेव्हा लोकांनी तक्रार केली की पावसाळ्यात हे हिरवे गवत तुडवतात, बारीक जीव मारतात, पाखरेसुद्धा या दिवसांत घरट्यात राहतात आणि यांना मात्र बसवत नाही! त्यावरून बुद्धांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घातला. लक्षात घ्या, भिक्षू घसरून पडतील अशी ती तक्रार नव्हती. ती गवताच्या आणि किड्यांच्या बाजूने होती. जैन साधूंचा चातुर्मासही त्याच जातीचा.

आणि याची सोय कुठे झाली? आपल्याच डोंगरात. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या १० क्रमांकाच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले, महिना शेकडा एक दराने. त्याच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी द्यायचे. हिशेब करून पाहा : वर्षाचे व्याज २४०, वीस गुणिले बारा तेवढेच. इतका चोख अर्थसंकल्प हल्ली दुर्मीळ. पावसाळ्यात न चालण्यासाठी कोणी पैशांची तरतूद करून ठेवली होती, हे ऐकून मुले चकित झाली. चालण्यासाठी वर्गणी काढणारे मंडळ ते!

त्यांतल्या एकाने मला पेचात धरायचे ठरवले. “सर, मग पावनखिंड? ती तर जुलैतच झाली.” खरे आहे. जुलै १६६० मध्ये, भर आषाढात, महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे रातोरात निघाले. म्हणून हल्लीही जुलैत त्याच वाटेने शेकड्यांनी माणसे चालतात. पण त्या रात्री निघण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि अशा पावसात कोणी निघणार नाही असे वेढा घालणाऱ्यांना वाटावे, यातच निम्मी युक्ती होती. एरवी मराठ्यांचे लष्कर पावसाळाभर छावणीला असे आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघे. अपवाद इतिहासात अजरामर झाला, याचा अर्थ तो नियम नव्हता. दुसऱ्याने वारीचा दाखला दिला. तोही चांगला होता. पण पालखीचा रस्ता हमरस्ता आहे, त्यातला बराचसा बेताच्या पावसाच्या मुलखातून जातो, आणि ती पंढरपुरात पोचते त्या आषाढी एकादशीलाच चातुर्मास सुरू होतो. वारकऱ्यांचे पंचांग पक्के आहे.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मात्र ग्रंथांत सापडणारी नाही. ती मला मावळातल्या एका गडाच्या पायथ्याच्या वाडीतल्या म्हाताऱ्याने सांगितली. गड पाहायला म्हणून मी मार्चमध्ये गेलो होतो. वाट इतकी का खणली गेली, असे मी त्याला सहज विचारले. तो म्हणाला, “मास्तर, पावसात ही वाट आमचीच आमाला पुरत न्हाई.” मला आधी अर्थ लागला नाही. मग त्याने हातवारे करून सांगितले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नाही. शाळेची पोरे याच वाटेने खाली जातात, रेशन याच वाटेने डोक्यावरून वर येते, अडलेली बाई याच वाटेने झोळीत घालून खाली न्यायची. जुलैत एका रविवारी गावाबाहेरची माणसे चढून गेली की सोमवारी ओझे घेऊन चढणाऱ्या बायकांना पाय ठेवायला जागा राहत नाही. आपण ज्याला ट्रेक म्हणतो, तो तिथल्या माणसाचा रस्ता आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. दरडी एका सरीने येत नाहीत. दिवसचे दिवस लागून राहिलेल्या पावसाने डोंगराचे अंग जड होते, खालची माती निसरडी होते, आणि मग एका क्षणी उतार आपले ओझे टाकून देतो. ३० जुलै २०१४ रोजी माळीणला हेच झाले होते. तिथे १५० हून अधिक माणसे गेली. वाटेवरच्या पावलांनी दरड आली असे कोणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. सांगायचे ते दुसरेच आहे. त्या रात्री इर्शाळवाडीला पोचायला चिखलाच्या पाऊलवाटेखेरीज मार्ग नव्हता. मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत. मदतीला गेलेल्या सगळ्यांना, स्थानिक गिर्यारोहकांनाही, त्याच वाटेने अंधारात, पावसात चढावे लागले. मदतीला निघालेल्या एका अग्निशमन अधिकाऱ्याला चढतानाच मरण आले. गडाची हौस म्हणून जी वाट आपण ओळखतो, ती तशा रात्री किती शाबूत आहे यावर काय काय अवलंबून असते, हे मुलांना सांगताना माझाही आवाज थोडा बदलला असावा. वर्गात क्वचितच होते तशी शांतता झाली.

पण म्हणून सरसकट बंदीची मी तरफदारी करणार नाही. त्याच म्हाताऱ्याच्या सुनेने पावसाळ्यात पिठले-भाकरी विकून पोराची फी भरली होती. जिल्ह्यातले सगळे गड एकाच कागदाने बंद केले, की तिची चूल अर्धी विझते. कातळात खोदलेल्या पायऱ्यांची वाट आणि मुरमाड सोंडेवरची वाट यांचे दुखणे एक नाही. पहिली गर्दीने आणि शेवाळाने धोक्याची होते, तिथे माणसे मोजून सोडली तर भागेल. दुसरीला खरोखर विश्रांतीच हवी. कुठली वाट किती दिवस मिटायची, हे वाडीतल्या चार जाणत्यांना विचारले तर ते मातीत काठी खुपसून सांगतील. मी अखेर अर्ज लिहून दिला तो हाच : पाटीवर कारण लिहा, वाटेगणिक ठरवा, वाडीला विचारा, आणि बंदीच्या दिवसांत वाट राखण्याची मजुरी वाडीलाच द्या. सह्या करताना दोन मुले कुरकुरली. उत्तर अजून आलेले नाही. सरकारी उत्तराचीही वाटच पाहावी लागते.

तोवर आपल्या आजूबाजूला काय काय गुपचूप बंद होते आणि आपण त्याबद्दल तक्रारही करीत नाही, ते पाहावे. १९०७ पासूनची नेरळ-माथेरानची गाडी पावसाळ्यात नेरळहून वर सोडत नाहीत. ताडोब्याचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांना मिटलेला असतो. जून-जुलैत यांत्रिक होड्या मासेमारीला समुद्रात जात नाहीत, आणि नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात जो आनंद असतो तो त्या रिकाम्या दोन महिन्यांतूनच आलेला असतो.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा परतीचा पाऊस गेलेला असेल आणि सुट्टीत कुठला गड करायचा याची घरोघर बोलणी चाललेली असतील. जरूर जा. वाटेत डबके लागलेच तर त्याच्या मधून जा. बूट धुता येतात. दसऱ्यानंतर वाडीतली माणसे कुदळी घेऊन वाटा नीट करतात, तेव्हा ती वाटेवर जागोजागी एक तिरका, वीतभर खोल चर काढतात आणि त्याच्या खालच्या अंगाला दगडांची ओळ लावतात. वाटेवरून धावणारे पाणी तिथे वळून कडेच्या झुडपांत उतरते. चढताना असा चर पायाशी आला, तर कोणाचा पाय मुरगळेल या काळजीने त्यात धोंडे टाकून तो बुजवू नका. ओलांडून पुढे जा.